जोडवी काळी का पडली? (कुसात्सूचं आंबट पाणी आणि ज्वालामुखीचा वास)

गंधकवटी

मंडळी, या धाग्याला कारण आमच्या साबांची (सासूबाईंची) जोडवी.

साबा आणि सासरे महिनाभर आमच्याकडे योकोहामाला आले होते. गुडघे दोघांचेही दुखतात, त्यामुळे "तुमच्याकडे ते गरम पाण्याचे झरे असतात ना" हा विषय पहिल्याच आठवड्यात निघाला. म्हणून गुन्मा प्रांतातल्या कुसात्सूला गेलो. गाव सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे आणि डोक्यावर कुसात्सू-शिराने हा जिवंत ज्वालामुखी. सार्वजनिक स्नानगृहात अंगावर काहीही न ठेवता उतरायचं असतं हे कळल्यावर साबांनी "मी इथूनच नमस्कार करते" असं जाहीर केलं. मग रस्त्याकडेला पाय बुडवून बसायची सोय असते, तिथे बसलो. चांदीचे दागिने काढून ठेवा म्हणून पाटी होती, मी ती वाचूनही दाखवली. "जोडवी काढायची नसतात." विषय संपला.

वीस मिनिटांनी पाय बाहेर आले ते गुलाबी होऊन, आणि जोडवी तव्यासारखी काळी. साबा तेव्हा काही बोलल्या नाहीत. रात्री जेवताना म्हणाल्या, "वज्रेश्वरीला इतक्यांदा गेले, असं कधी झालं नाही."

टोमणा होता, पण प्रश्न बिनतोड आहे. दोन्हीकडे गरम पाणी, मग एकीकडेच जोडवी का काळी पडावीत? गेले तीन आठवडे मी यावरच वाचतेय.

आधी जे पाहिलं ते सांगते. गावाच्या मधोमध 'युबाताके' आहे. शब्दशः अर्थ गरम पाण्याचं शेत. उगमाचं पाणी, मिनिटाला सुमारे ४००० लिटर, लाकडी पन्हाळींतून सोडून निववतात. पन्हाळींच्या तळाशी पिवळट साका बसतो, तो खरवडून, वाळवून 'युनोहाना' म्हणून विकतात. (दोन पुड्या घेतल्या. महाग आहेत.) पाण्यात साधं पाणी मिसळलं तर गुण जातो, अशी इथली श्रद्धा. म्हणून पूर्वी लांब फळ्यांनी पाणी घुसळून निववायचे. आता पर्यटकांसाठी बायका गाणं म्हणत घुसळून दाखवतात.

या पाण्याचा पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं पाणी आंबट) सुमारे २.१, म्हणजे जवळपास लिंबाचा रस. मी एक थेंब जिभेवर ठेवला (तुम्ही ठेवू नका). आधी आंबट, आणि मागून तोंड आवळणारी तुरट चव. घरी येऊन वाचलं तेव्हा उलगडा झाला. आम्लाने खडकातलं ॲल्युमिनियम विरघळून पाण्यात आलेलं असतं, सल्फेट आधीपासून असतंच. म्हणजे तुरटीतले दोन मुख्य घटक पाण्यात हजर. जीभ खोटं बोलत नव्हती.

गावातलाच बांदाइको नावाचा दुसरा उगम नव्वद अंशांच्या पुढे गरम आणि याहून आंबट आहे. आणि डोंगरमाथ्यावरचं युगामा हे विवरातलं तळं पीएच १ च्या आसपास. रंग दुधाळ फिरोजी, कारण पाण्यात गंधकाचे अतिबारीक कण तरंगत असतात.

आता माझ्या समजुतीप्रमाणे रसायन. खाली मुरलेल्या मॅग्मातून (जमिनीखालच्या वितळलेल्या खडकातून) जो गॅस सुटतो त्यात बहुतांश वाफच असते. त्यानंतर कार्बन डायऑक्साइड, मग सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड, हायड्रोजन क्लोराइड आणि थोडा फ्लोराइड. वर येताना हा गॅस भूजलात शिरतो. हायड्रोजन क्लोराइड पाण्यात गेला की सरळ हायड्रोक्लोरिक ॲसिड. सल्फर डायऑक्साइडची गंमत वेगळी. गरम पाण्यात त्याचे चार रेणू पाण्याशी मिळून तीन रेणू सल्फ्युरिक ॲसिड आणि एक रेणू हायड्रोजन सल्फाइड देतात. पाणी आंबवणारा आणि जोडवी काळी करणारा, दोघे एकाच बापाची लेकरं!

जाणकारांनी चुका काढाव्यात. आणि वज्रेश्वरीचं काय तेही सांगावं, साबा पुढच्या व्हिडिओ कॉलवर विचारणार आहेत.

शंकासुर

धागा आवडला. साबांचा 'इथूनच नमस्कार' तर फारच. निळी आग दिसली का हो तिथे?

गंधकवटी

नाही हो, ती इंडोनेशियात, कावा इजेनला. तिथे गंधकाची वाफच फटींतून तापून बाहेर येते आणि हवा लागली की पेटते. गंधक निळ्या ज्योतीने जळतं, म्हणून रात्रीच दिसतं.

केमिस्ट्रीच्या_बाई

समीकरण बरोबर आहे, दहापैकी नऊ. एक गुण कापला, कारण तोच सल्फर डायऑक्साइड कमी तापमानाला सल्फ्युरिक ॲसिड आणि सुटं गंधकही देतो. तळ्यातलं गंधक, पन्हाळीतला साका, हे सगळं तुमच्या यादीतून सुटलं. हायड्रोजन सल्फाइडला हवा लागली तरी गंधक सुटतं, ते वेगळंच.

जोडव्यांबद्दल निर्धास्त राहा. वर बसलाय तो सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा, चांदी कुठे गेली नाही. रांगोळीने किंवा टूथपेस्टने घासू नका, त्याने पापुद्र्याबरोबर चांदीही जाते. पातेल्यात ॲल्युमिनियम फॉइल अंथरा, त्यावर जोडवी फॉइलला टेकतील अशी ठेवा, दोन चमचे खायचा सोडा घाला आणि वरून कढत पाणी ओता. गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातं. खडे किंवा मिना असेल तर मात्र हा प्रयोग नको.

आणि सगळ्यांनाच सांगते, 'गंधकाचा वास' म्हणणं सोडा. शुद्ध गंधकाला जवळजवळ वास नसतो. सडक्या अंड्याचा येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि काडी ओढल्यावर नाक चुरचुरतं ते सल्फर डायऑक्साइडने. ज्वालामुखीवर कोणता वास येतोय, यातही बातमी असते.

तळकोकण

आम्ही राजापूरकडचे. आमच्याकडे झऱ्याला उन्हाळं म्हणतात. गावाचं नावही तेच, उन्हाळे. दापोलीकडे उन्हवरे, पालीजवळ उन्हेरे, सगळी नावं 'ऊन पाण्या'वरूनच. लहानपणी आजी हाताला धरून कुंडात उतरवायची. वास किंचित यायचा, पण पाणी आंबट कधीच नव्हतं. उलट जरा खारट.

पृथ्वी_गोल

अख्खा महाराष्ट्रच लाव्हारसावर उभा आहे. ज्वालामुखी झोपलाय इतकंच. कोकणातले झरे म्हणजे त्याचा श्वास. सरकार सांगत नाही.

बेसाल्ट

@पृथ्वी_गोल, झोपलेला नाही, गेलेला आहे. दख्खनचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. त्यातली उष्णता केव्हाच निवाली. भारतात सध्या खात्रीने जिवंत असलेला ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. १७८७ मध्ये त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद झाली आणि दीर्घ झोपेनंतर १९९१ मध्ये तो पुन्हा जागा झाला.

साबांच्या प्रश्नाचं उत्तर असं. वज्रेश्वरी-गणेशपुरी-अकलोलीपासून राजापूरपर्यंत उन्हाळ्यांची जी माळ आहे, तिचं पाणी पावसाचंच. ते भेगांतून खोल उतरतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश उष्णता वाढते, त्यामुळे दोन-तीन किलोमीटर खाली जाऊन आलेलं पाणी तापलेलं असणारच. त्याला मॅग्मा लागत नाही. पाण्याचा पीएच सात-आठच्या आसपास, म्हणजे आम्ल नाहीच. खारटपणा सोडियम आणि कॅल्शियमच्या क्लोराइडचा. तो समुद्राच्या पाण्याचा किती आणि खडकातला किती, यावर तज्ज्ञांत एकमत नाही.

खरा पुरावा बुडबुड्यांत आहे. कुंडातून वर येणारे बुडबुडे गोळा करून तपासले तर त्यात मुख्यतः नायट्रोजन निघतो. तो हवेचाच. पावसाच्या पाण्यात हवा विरघळलेली असते, खाली ऑक्सिजन खडकांनी खाल्ला, नायट्रोजन उरला. कुसात्सूसारख्या ठिकाणी वाफ वगळली तर पहिला नंबर कार्बन डायऑक्साइडचा आणि पाठोपाठ गंधकाचे गॅस. कोकणातला तो किंचित वास म्हणजे सल्फेटचं थोडंसं हायड्रोजन सल्फाइड झालेलं असतं. जोडवी तिथेही थोडी काळवंडतील, पण वीस मिनिटांत नाही.

आजीचा_बटवा

रसायन काहीही असो, गुण येतो हे खरं. माझ्या काकांची खरूज गणेशपुरीला गेली. जपानी लोक उगाच नाही शेकडो वर्षं जात.

केमिस्ट्रीच्या_बाई

पीएच २ मध्ये त्वचेवरचे पुष्कळसे जंतू मरतात, त्यामुळे कुसात्सूबाबत त्वचारोगाचं म्हणणं अगदीच हवेत नाही. एर्विन बेल्झ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात या गावाची महती युरोपपर्यंत नेली. पण तेच पाणी नाजूक त्वचा सोलूनही काढतं. गणेशपुरीचं पाणी आम्ल नाही, त्यामुळे काकांच्या खरजेचं श्रेय मी त्याला देणार नाही. चालू असलेलं मलम बंद करू नका, एवढं सांगून थांबते.

अकिता_रिटर्न

कामानिमित्त तीन वर्षं जपानातल्याच अकिता प्रांतात होतो. आंबट पाण्याचा विषय निघालाय तर ताझावा तळ्याची गोष्ट सांगायलाच हवी.

तिथे तामागावा नावाचं झऱ्याचं ठिकाण आहे. एकाच तोंडातून मिनिटाला ९००० लिटरच्या आसपास पाणी उसळतं, तापमान ९८ अंश, पीएच १.२ च्या घरात. कुसात्सूत सल्फ्युरिकचा वाटा मोठा, इथे हायड्रोक्लोरिकचं राज्य. हे पाणी नदीत उतरायचं आणि खालची भातशेती जाळायचं. लोक त्याला 'तामागावाचं विषारी पाणी' म्हणत. जवळच ताझावा तळं, ४२३ मीटर खोल, जपानात सगळ्यात खोल. १९४० साली वीज आणि शेतीच्या योजनेत ठरलं की नदीचं आम्ल पाणी या तळ्यात सोडायचं. एवढ्या पाण्यात विरून जाईल, असा हिशोब.

विरलं नाही. काही वर्षांत तळंच आम्ल झालं आणि जवळपास सगळे मासे मेले. त्यात 'कुनिमासू' नावाचा मासा होता, जो जगात फक्त या तळ्यात होता. नामशेष म्हणून नोंद झाली.

पण १९३५ च्या सुमारास या माशाची अंडी फूजी पर्वताजवळच्या साइको तळ्यात सोडली होती, आणि लोक ते विसरून गेले होते. २०१० मध्ये तिथे पकडलेले काळे मासे तपासले, तर कुनिमासू! सत्तर वर्षं तो तिथे गुपचूप जगत होता. ताझावात मात्र अजून परतता आलेलं नाही. १९९० च्या सुमारास चुनखडीने आम्ल मारायचा कारखाना सुरू झाला. पाणी सुधारलं, पण एवढं खोल तळं, सुधारणार तरी किती?

गंधकवटी

@अकिता_रिटर्न, अंगावर काटा आला. कुसात्सूतही असा कारखाना आहे! युकावा नदीत १९६४ पासून रोज चुनखडीची पूड पाण्यात कालवून सोडतात. दिवसरात्र, सुट्टी नाही. त्याआधी नदीत मासा जगत नव्हता आणि पुलांचं लोखंड आणि सिमेंट खाल्लं जायचं. पुलावरून पाहिलं तर नदीत दूध ओतल्यासारखं दिसतं. खाली शिनाकी धरण आहे, तिथे गाळ साठतो. चुनखडी आणि सल्फ्युरिक ॲसिडचं जिप्सम होतं, शिवाय पीएच वाढला की लोहाचा साका बसतो आणि पाण्यातलं आर्सेनिक त्याला चिकटून खाली जातं. म्हणजे नदी वाचली, आणि धरणाच्या तळाशी आर्सेनिकवाला चिखल साठतोय. तो उपसून ठेवायचा कुठे, ही वेगळी डोकेदुखी.

शंकासुर

मला एक सांगा. वास, बुडबुडे, आम्ल यात एवढी बातमी असते, तर गॅस मोजून 'उद्या फुटणार' असं का सांगता येत नाही? २०१४ साली जपानातल्याच ओंताके ज्वालामुखीवर तर भर दुपारी माणसं गेली.

बेसाल्ट

चांगला प्रश्न. जरा लांबण लावतो.

गॅस मॅग्मातून एकदम सुटत नाही. कार्बन डायऑक्साइड फार खोलवरच सुटू लागतो, गंधक त्याहून वर आल्यावर, क्लोरीन आणि फ्लोरीन आणखी उशिरा. त्यामुळे निव्वळ किती टन गॅस यापेक्षा कशाला किती प्रमाण हे महत्त्वाचं. गंधकाच्या तुलनेत कार्बन डायऑक्साइड अचानक वाढला, तर खालून नवा मॅग्मा चढत असण्याची शक्यता. इटलीत एटना आणि स्ट्रॉम्बोलीवर यासाठी यंत्रं कायम बसवलेली आहेत.

पूर्वी हे काम हाताने व्हायचं. न्यूझीलंडचे रसायनशास्त्रज्ञ वर्नर गिगेनबाख यांची बाटली प्रसिद्ध आहे. काचेची, आतली हवा काढून घेतलेली, तळाशी कॉस्टिक सोड्याचं द्रावण. धुराच्या तोंडात नळी खुपसायची, टोक बाटलीला जोडायचं आणि तोटी उघडायची. वाफेचं पाणी होतं, आम्ल गॅस सोड्यात जिरतात, त्यामुळे बाटलीतली पोकळी टिकते आणि ती आणखी गॅस ओढत राहते. वर उरतात ते न जिरणारे, हायड्रोजन, नायट्रोजन, हेलियम, मिथेन. साधी बाटली, पण डोकं बघा! नळी धरणाऱ्याच्या तोंडावर तो धूर येत असतो, ते वेगळं.

आता अडचण. मधे पाणी आहे. मॅग्माचा गॅस हुक्क्यातल्या धुरासारखा भूजलातून गुडगुडत वर येतो. सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइड पाणी गिळून टाकतं. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड बऱ्यापैकी निसटतात. म्हणून वर फक्त सडक्या अंड्याचा वास येतोय याचा अर्थ खाली सगळं शांत आहे असा नाही. कदाचित पाणी अजून पुरतंय, एवढाच. पाणी आटून वाट कोरडी झाली की सल्फर डायऑक्साइड थेट वर येतो आणि नाक चुरचुरायला लागतं. बाईंनी वर म्हटलंच, वासात बातमी असते. पण ती पाण्याने गाळलेली असते.

फिलिपाइन्समधला पिनातुबो घ्या. १३ मे १९९१ ला रोज सुमारे ५०० टन सल्फर डायऑक्साइड, २८ मेला ५००० टन. मॅग्मा चढतोय हे उघड झालं. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात आकडा ३०० च्याही खाली आला. भोळ्या माणसाला वाटेल, बरं झालं. तिथल्या शास्त्रज्ञांना उलट शंका आली की वाट बुजली आणि आत दाब साठतोय. १५ जूनला विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला. गावं वेळेत रिकामी केली होती, म्हणून हजारो जीव वाचले.

आणि गंधकवटीताई, तुमच्या युगामा तळ्याने तर याहून सुंदर खेळ दाखवलाय. तळ्याच्या तळाशी सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड एकत्र आले की गंधकाच्या साखळ्या असलेली पॉलीथायोनेट नावाची संयुगं बनतात. सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण जास्त झालं की तोच त्यांना मोडतो. १९८२-८३ च्या उद्रेकांआधी काही महिने तळ्यातली पॉलीथायोनेटं घटली होती. ताकानो या रसायनशास्त्रज्ञांनी हे १९८७ मध्ये प्रसिद्ध केलं. तळ्याचं पाणी बाटलीत भरायचं, आणि खाली गॅसचं पारडं कुणीकडे झुकतंय ते प्रयोगशाळेत बसून वाचायचं.

ओंताकेचं दुखणं असं की तिथे मॅग्मा उफाळलाच नाही. भूजल तापून, कोंडून, वाफ होऊन फुटलं. २७ सप्टेंबर २०१४, शनिवार, दुपारचे बारा वाजत आलेले, शरदाचे रंग बघायला आलेली गर्दी. ६३ जण मृत किंवा बेपत्ता. इशाऱ्याची पातळी सर्वांत खालची, १. अशा स्फोटाआधी गॅसला बदलायला फार वेळच मिळत नाही.

शंकासुर

समजलं. म्हणजे कुसात्सूला जाणं सुरक्षित का?

बेसाल्ट

गावात जा, खुशाल जा. वर जाताना पाट्या वाचा. २३ जानेवारी २०१८ ला तिथेच स्फोट झाला, पण सगळ्यांचं लक्ष असलेल्या युगामात नाही, शेजारच्या मोतोशिराने शिखरावर. स्कीइंगच्या उतारालगत. सराव करणारा एक जवान गेला. तिथेही पातळी १ च होती.

आणि स्फोटाशिवायही माणसं जातात. याच डोंगरावर १९७१ च्या डिसेंबरात गरम पाण्यासाठी मारलेल्या बोअरमधून गॅस गळला आणि सहा जण गेले. १९७६ मध्ये तीन गिर्यारोहक. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, खोलगट जागी, बर्फाच्या खळग्यात साठतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास येत होता आणि अचानक थांबला, तर तिथून वर, उंचावर पळायचं. खाली नाही.

तळकोकण

हे शेवटचं वाक्य मुलांना वाचून दाखवलं. धाकटा म्हणतो, मग आजीच्या कुंडातही असंच करायचं का. म्हटलं, तिथे नारळ चुकवलास तरी पुरे.

गंधकवटी

सर्वांचे आभार. काल बाईंच्या कृतीने जोडवी साफ केली. साबा निघताना ती इथेच ठेवून गेल्या होत्या, नवीन घालून. (काढायची नसतात, पण बदलता येतात, असं कळलं.) फॉइल, सोडा, कढत पाणी. दोन मिनिटांत लख्ख, आणि फॉइल मळकं झालं. व्हिडिओ कॉलवर दाखवली. बेसाल्ट यांचं पावसाच्या पाण्याचं उत्तरही सांगितलं. "म्हणजे वज्रेश्वरीचं पाणी पावसाचं?" त्या जरा हिरमुसल्या. मग म्हणाल्या, "असू दे. देवीने तापवलेलं आहे."

पातेल्यातून मात्र सडक्या अंड्याचा बारीकसा वास यायला लागला. बाई, हा कुसात्सूहून आलेलाच गंधक ना? नवरा खिडक्या उघडत फिरतोय आणि विचारतोय, इशाऱ्याची पातळी किती.

केमिस्ट्रीच्या_बाई

तोच. पाण्यात थोडा हायड्रोजन सल्फाइड सुटतो. पातळी १. एक्झॉस्ट लावा.